हार्मोन नॉर्मल आले, पण डाग थांबले नाहीत

प्रश्न:

नमस्कार डॉक्टर. माझं वय ५३. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण गेल्या दोन महिन्यांत दोनदा अंगावरून लाल गेलं. एकदा नुसते डाग, दुसऱ्यांदा मात्र पॅड लावावं लागलं. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे, बीएमआय ३४ आहे. तरुणपणी पीसीओडी होतं, तीन-तीन महिने पाळी यायची नाही. माझ्या मोठ्या बहिणीला ४८व्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला होता. पिशवी काढली, आज ती ठणठणीत आहे. तिची आठवण येऊन मी घाबरले आणि स्वतःच लॅबमध्ये जाऊन हार्मोनच्या सगळ्या तपासण्या करून आले. एफएसएच ४१, एस्ट्राडायॉल २८, प्रोजेस्टेरॉन अगदी नगण्य. सगळ्यांपुढे 'मर्यादेत' असं छापलंय. मागच्या वर्षीचा पॅप स्मिअरही चांगला आला होता. घरचे म्हणतात, हार्मोन नॉर्मल आहेत तर कॅन्सर कुठून येणार? एका मैत्रिणीने हार्मोन 'बॅलन्स' करणारं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचं क्रीम सुचवलंय. माझी मुलगी २४ वर्षांची आहे, तिलाही पाळी तीन-चार महिन्यांनी येते. तिचेही हार्मोन तपासून घेऊ का? (आईकडून, माझ्या मामाला ४५व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. त्याचा इथे संबंध नसावा, पण कळवून ठेवते. आई पन्नाशीच्या आतच अपघातात गेली.)

— नाव न छापण्याची विनंती

उत्तर:

ताई, आधी मुद्द्याचं सांगते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, तर ते डागापुरतं असो की पॅड भरून, एकदा असो की चारदा, त्याची तपासणी व्हायलाच हवी. हार्मोनचा रिपोर्ट काहीही म्हणत असला तरी. येत्या आठ-दहा दिवसांतली स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि तोवर ते क्रीम सुरू करू नका.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, म्हणून दुसरी बाजूही लगेच सांगते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होऊन तपासणीला आलेल्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. कुणाचं अस्तर किंवा योनीमार्गाची त्वचा कोरडी, पातळ होऊन त्यातून रक्त येतं, कुणाला गर्भाशयात किंवा त्याच्या मुखाशी साधा पॉलिप असतो. तुमचा मधुमेह, वजन, जुनं पीसीओडी आणि बहिणीचा आजार लक्षात घेता तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त धरायला हवा, पण पारडं अजूनही चांगल्या बाजूलाच झुकलेलं आहे.

आता हेच उलट बाजूने पाहू. ज्यांना हा कर्करोग पाळी गेल्यानंतर होतो, त्यांच्यापैकी जवळजवळ ९० टक्के स्त्रियांना रक्तस्राव झालेला असतो. हा आजार बहुतेक वेळा लवकर सांगून येतो. अंडाशयाचा कर्करोग तसं करत नाही, तो पोटात मुकाट वाढतो. जगभरात वर्षाला सुमारे ४ लाख २० हजार स्त्रियांना गर्भाशयाचा हा कर्करोग होतो. तो गर्भाशयाबाहेर पसरायच्या आत सापडला तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमची बहीण ठणठणीत आहे, त्यामागे बहुधा हेच कारण असावं. म्हणून मला भीती वाटते ती डागांची नाही. 'रिपोर्ट चांगला आहे, बघू पुढच्या महिन्यात' असं म्हणून ढकललेल्या दिवसांची वाटते.

घरच्यांचा प्रश्न मात्र अगदी स्वाभाविक आहे. हा कर्करोग हार्मोनशी जोडलेला आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलं असेल आणि ते खरंही आहे. मग हार्मोन नॉर्मल असताना कर्करोग कसा असू शकेल?

गर्भाशयाच्या अस्तरावर दोन हार्मोनचा अंमल चालतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, त्याच्या पेशींना विभागायला लावतं. अंडं बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते ही वाढ थांबवतं आणि पेशींना परिपक्व करतं. त्याची पातळी उतरली की अस्तर गळून पडतं, तीच पाळी. दर महिन्याला अशी झाडलोट होत राहिली की अस्तर निरोगी राहतं. इस्ट्रोजेन काम करत राहिलं आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आलंच नाही, तर अस्तर वाढतच जातं. वर्षानुवर्षं विभागत राहिलेल्या पेशींमध्ये बिघाड साठत जातात आणि त्यातली एखादी पेशी हाताबाहेर जाऊ शकते. धोका आहे तो असा आवर नसलेल्या इस्ट्रोजेनचा, आणि तो वर्षांच्या हिशेबात वाढतो.

तरुणपणी तुमची पाळी तीन-तीन महिने यायची नाही, तेव्हा बहुधा अंडं बाहेर पडत नव्हतं. म्हणजे त्या काळात प्रोजेस्टेरॉन नव्हतं, इस्ट्रोजेन मात्र होतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, पण इस्ट्रोजेन संपत नाही. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या पुरुषी हार्मोनचं रूपांतर चरबीच्या पेशी इस्ट्रोजेनमध्ये करतात. अरोमाटेज नावाचं एन्झाइम हे काम करतं. चरबी जितकी जास्त, तितकी ही निर्मिती जास्त. मधुमेह आणि वाढलेलं इन्सुलिन त्यात भर घालतात. इन्सुलिन वाढलं की यकृतात तयार होणारं, सेक्स हार्मोनला बांधून ठेवणारं एक प्रथिन कमी होतं. मग तेवढ्याच इस्ट्रोजेनमधला जास्त भाग मोकळा राहतो आणि पेशींपर्यंत पोहोचतो. बीएमआय पाचने वाढला की हा धोका सुमारे दीडपट होतो. वजनाशी इतकं घट्ट नातं असलेले कर्करोग फार थोडे आहेत.

हे सगळं लॅबच्या त्या कागदावर कुठे दिसतं? जवळजवळ कुठेच नाही. नदीचं एका सकाळचं पाणी मोजून काठ किती वर्षांत किती झिजला ते कळत नाही, तसंच हे आहे. एस्ट्राडायॉल २८ हा त्या दिवशीचा, तुमच्या रक्तातला आकडा. पाळी गेल्यावर चरबीतून मुख्यतः एस्ट्रोन नावाचं इस्ट्रोजेन तयार होतं आणि नेहमीच्या पॅनेलमध्ये बहुतेक वेळा ते मोजतच नाहीत. शिवाय इतक्या खालच्या पातळीवर नेहमीच्या लॅब पद्धती फारशा नेमक्या नसतात, त्यामुळे तोच नमुना दोन ठिकाणी दिला तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. आणि 'मर्यादेत' याचा अर्थ एवढाच की त्या वयाच्या बहुतेक स्त्रियांमध्ये असा आकडा आढळतो. या आकड्याखाली कर्करोग होत नाही, अशी रेघ कुणी ओढलेली नाही, कारण तशी रेघ नाहीच.

संशोधनाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाळी गेलेल्या हजारो स्त्रियांचं रक्त साठवून पुढे त्यांचं काय झालं हे पाहणारे अभ्यास झाले आहेत. ज्या गटात इस्ट्रोजेन जास्त होतं त्या गटात हा कर्करोग जास्त आढळला. पण आजारी पडलेल्या आणि न पडलेल्या स्त्रियांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकीच्या आकड्यावरून तिच्यापुरतं काही ठरवता येत नाही. त्यातून या कर्करोगाचे काही प्रकार इस्ट्रोजेनवर फारसे अवलंबूनच नसतात. ते जास्त आक्रमक असतात आणि पातळ अस्तरातही उगवू शकतात. म्हणूनच हा कर्करोग शोधायला किंवा तो नाही असं ठरवायला हार्मोनची रक्ततपासणी वापरत नाहीत. लॅबने तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. तुमच्या मनातला प्रश्न एक होता आणि त्या तपासणीने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. एफएसएच ४१ म्हणजे अंडाशय थांबलेत, पाळी गेलेली आहे. ते तर तुम्हाला सव्वा वर्षापासून माहीत होतं.

पॅप स्मिअरबद्दलही हेच. तो गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करतो. अस्तर आत, वर असतं. तिथल्या पेशी कधीमधी योगायोगाने स्मिअरमध्ये सापडतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पॅप चांगला आला म्हणून रक्तस्रावाकडे दुर्लक्ष केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी मला हळहळ वाटली आहे, कारण हा फरक त्यांना कुणीतरी एका वाक्यात सांगितला असता तरी पुरलं असतं.

मग करायचं काय? डॉक्टर आधी आतून तपासून रक्त नक्की कुठून येतंय ते बघतील. कधी ते लघवीच्या किंवा शौचाच्या जागेचंही असतं. त्यानंतर योनीमार्गातून सोनोग्राफी होते, तिच्यात अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या आणि रक्तस्राव झालेल्या स्त्रीचं अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल आणि स्पष्ट दिसत असेल, तर कर्करोग नसण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त असते. अनेक जणींचा प्रश्न इथेच मिटतो. मात्र तुमच्या बाबतीत मी स्वतः एवढ्यावर थांबले नसते. रक्तस्राव दोनदा झालाय आणि घराण्याचा इतिहास आहे. अस्तर पातळ दिसलं तरी बायोप्सीचा विषय तुम्हीच काढा. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) असतील तर जाडी नीट मोजताही येत नाही.

बायोप्सी म्हटलं की बायका दचकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुमारे तीन मिलिमीटरची, लवचीक प्लॅस्टिकची नळी गर्भाशयाच्या मुखातून आत घालून अस्तराचा तुकडा ओढून घेतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही, काही मिनिटांत होतं. पाळीसारख्या, कधी त्याहून जोरदार कळा येतात. काही जणींना खूप दुखतं, आणि ते खरं असतं, त्यांची सहनशक्ती कमी असते असं अजिबात नाही. आधी वेदनाशामक घेऊ का, जागा बधिर करता येईल का, आणि सोसवलं नाही तर भुलीखाली करता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. कधी नळीत पुरेसा तुकडा येत नाही, तर कधी कोपऱ्यातला पॉलिप निसटतो. अशा वेळी, किंवा बायोप्सी चांगली येऊनही रक्त थांबलं नाही तर, हिस्टरोस्कोपी करतात. दुर्बिणीतून आत बघून, जिथे शंका वाटते तिथूनच नमुना घेतात. 'एकदा तपासलं, काही नव्हतं' हे पुन्हा सुरू झालेल्या रक्तस्रावाला लागू होत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

रिपोर्टमध्ये 'हायपरप्लेसिया' हा शब्द आला तर तो कर्करोग नव्हे. अस्तर प्रमाणाबाहेर वाढलंय, इतकाच त्याचा अर्थ. मात्र पुढचा शब्द काळजीपूर्वक वाचा. 'एटिपिया' म्हणजे पेशींचं रूप बिघडलेलं दिसणं. 'एटिपिया नाही' असं असेल तर पुढच्या २० वर्षांत त्याचं कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते आणि प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या तांबीने बहुतेकींचं अस्तर पूर्ववत होतं. 'एटिपिया' असेल तर गोष्ट गंभीर आहे. अशा स्त्रियांपैकी बऱ्याच जणींच्या गर्भाशयात कर्करोग आधीच लपलेला आढळतो, म्हणून पाळी गेलेल्या बाईला सहसा पिशवी काढण्याचा सल्ला देतात.

हार्मोनची तपासणी पूर्ण निरुपयोगी, असं मात्र म्हणू नका. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर जाड आहे आणि एस्ट्राडायॉल खूपच वाढलेलं निघालं, तर डॉक्टर अंडाशयात इस्ट्रोजेन तयार करणारी गाठ आहे का ते शोधतात. पाळी अनियमित असणाऱ्या तरुण मुलीत थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासणं गरजेचंच असतं. आणि कर्करोग निघालाच, तर त्या गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) आहेत का ते तपासता येतं. ती तपासणी रक्तात होत नाही, काढलेल्या तुकड्यावर होते, आणि हार्मोनचे उपचार लागू पडतील का हे ठरवायला तिचा खरा उपयोग होतो.

आता मैत्रिणीचं क्रीम. तिने प्रेमाने सुचवलंय, तरी नको. निदान होण्याआधी कुठलंही हार्मोन सुरू केलं तर रक्तस्रावाचं चित्र बदलू शकतं आणि कधी तुकड्यातल्या पेशीही वेगळ्या दिसतात. शिवाय त्वचेवर लावलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या क्रीममधून अस्तराला संरक्षण मिळेल इतकं औषध आत जातं, असं सिद्ध झालेलं नाही. या विषयात फार महागात पडलेला एक धडा आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला पाळी गेलेल्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन सर्रास दिलं जात होतं. १९७५च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. हे औषध घेणाऱ्यांमध्ये अस्तराच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी जास्त दिसला. त्यानंतर नियम बदलला. पिशवी असलेल्या बाईला गोळी, पॅच किंवा जेलमधून पूर्ण शरीरासाठी इस्ट्रोजेन द्यायचं असेल, तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, तेही पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस. पुढेमागे गरम वाफा किंवा झोपेसाठी तुम्हाला कुणी हार्मोन सुचवले, तर ही गोष्ट विचारायला विसरू नका. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या वाचकांनाही सांगते. पाळी गेल्यानंतर घेतलं तर ते औषध अस्तरावर इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि धोका दोन-तीन पट वाढवतं. औषध आपल्या मनाने बंद करू नका, त्याचा फायदा मोठा आहे. पण डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

ताई, तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यांपाशी मी थबकले. मामांच्या आतड्याच्या कर्करोगाचा इथे संबंध नसावा, असं तुम्ही लिहिलंय. संबंध असू शकतो, आणि तो फार महत्त्वाचा असू शकतो.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला पॉलीन ग्रॉस ही शिवणकाम करणारी बाई भेटली. आपल्या घरात इतके जण पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाने गेलेत की आपणही तशाच जाणार, असं तिने त्याला सांगितलं. त्याने तिच्या साहाय्याने घराण्याची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पॉलीन खरोखरच गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाने गेली. पुढे १९६०च्या दशकात हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशीच घराणी अभ्यासली आणि आज या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. पेशी विभागताना डीएनएच्या प्रतीत होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं आपल्यात असतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्यातली मुख्य. यातलं एखादं जन्मतःच बिघडलेलं असलं तर मोठं आतडं आणि गर्भाशयाचं अस्तर या दोन ठिकाणी कर्करोगाचा धोका बऱ्याच पटींनी वाढतो, आणि तोही बऱ्याचदा पन्नाशीच्या आत.

बहीण ४८व्या वर्षी, मामा ४५व्या वर्षी, आणि त्या दोघांना जोडणारी आई, जी वय व्हायच्या आधीच अपघातात गेली. तुमच्या घरात हा दोष आहेच असं मी म्हणत नाही. बहिणीचा कर्करोग त्याशिवायही झालेला असू शकतो. पण हा इतिहास ऐकल्यावर तपासलं नाही तर ती हयगय ठरेल. सुरुवात बहिणीपासून करायची, कारण आजार तिला झाला होता. तिच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा आणि त्यात 'एमएमआर' तपासणीचा (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी ती यंत्रणा गाठीत चालू आहे का, हे पाहणारी) उल्लेख आहे का ते पाहा. या कर्करोगाच्या प्रत्येक गाठीवर ती तपासणी व्हावी अशी आता शिफारस आहे, पण पूर्वी ती सरसकट होत नसे. झालेली नसेल तर हताश होऊ नका. गाठीचे मेणात बसवलेले तुकडे पॅथॉलॉजीवाले सहसा वर्षानुवर्षं जपून ठेवतात, त्यांवर आजही तपासणी होऊ शकते. तीत दोष दिसला तर बहिणीची रक्तातून जनुक तपासणी, आणि तिथे बिघाड सापडला तर तुमची. तुम्हा बहिणींत तो येण्याची शक्यता प्रत्येकीला निम्मी असते, आणि तुमच्यात असेल तर मुलीलाही निम्मी. तपासणीच्या आधी आणि नंतर आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी किंवा या विषयाच्या डॉक्टरांशी बोलता आलं तर जरूर बोला. निकाल काय आला याइतकंच तो घरात कुणाला, कधी सांगायचा हेही अवघड असतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्यातून पुढची पावलं स्पष्ट होतात. लिंच असलेल्या माणसाला ठरावीक वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करत राहिली की आतड्यातले पॉलिप कर्करोग व्हायच्या आतच काढता येतात. बाईला तिशी-पस्तिशीपासून अस्तराची बायोप्सी ठरावीक काळाने सुचवतात आणि मुलंबाळं झाल्यावर पिशवी काढण्याचा पर्यायही समोर ठेवतात.

राहिली तुमची लेक. २४व्या वर्षी हा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे, तेव्हा तिला घाबरवू नका. पण तीन-चार महिन्यांनी येणारी पाळी तशीच चालू ठेवायची नाही. तुमच्या तरुणपणी 'लग्न झालं की सुरळीत होईल' म्हणून जे सोडून दिलं गेलं असेल, ते तिच्या बाबतीत होऊ देऊ नका. तिच्यासाठी काही हार्मोन तपासण्या योग्य आहेत, पण पॅनेल म्हणून नव्हे, तर पाळी का चुकते या प्रश्नाचं उत्तर शोधायला. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, सोबत साखर. कुठल्या आणि कधी, ते तिला तपासून डॉक्टर ठरवतील, आणि त्याआधी गरोदरपणाची तपासणीही सांगतील. त्यात तिने अपमान वाटून घेऊ नये, पाळी चुकलेल्या प्रत्येकीला ती सांगतात. '२१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन' मात्र तिला फारसं कामाचं नाही. ते पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी मोजायचं असतं, आणि तिची पुढची पाळी कधी हेच कुणाला ठाऊक नाही.

रिपोर्ट काहीही येवोत, तिच्या अस्तराची काळजी घेण्याचा ठोकताळा सोपा आहे. पाळी ९० दिवसांपलीकडे लांबू द्यायची नाही. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांतून एकदा १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या की अस्तर गळून पडतं. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची तांबी हेही पर्याय आहेत. 'गोळ्यांनी कॅन्सर होतो' हे तिने ऐकलेलं असेल, तर या कर्करोगापुरतं चित्र नेमकं उलट आहे. एकत्रित (दोन्ही हार्मोन असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षं घेतल्या की अस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो आणि हे संरक्षण गोळ्या बंद केल्यावरही ३० वर्षांहून अधिक टिकलेलं दिसलंय. काही प्रकारचं मायग्रेन, रक्ताच्या गुठळ्या, वाढलेला रक्तदाब असं काही असेल तर या गोळ्या सहसा चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांशिवाय सुरू करायच्या नाहीत. वजन जास्त असेल तर थोडंसं कमी झालं तरी पीसीओडीत पाळी बऱ्याचदा आपोआप सुधारते. तिच्या वजनावरून घरात बोलणी होत असतील तर ती मात्र थांबवा, त्याने काहीच सुधारत नाही.

वेळ घेताना फोनवर नुसतं 'दाखवायचंय' म्हणू नका. 'पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतोय' असं स्पष्ट सांगा, म्हणजे लवकरची वेळ मिळेल. महिनाभरानंतरची देऊ लागले तर दुसरीकडे विचारा. सोबत डाग पडल्याच्या तारखा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर ती खास सांगा) आणि बहिणीचा रिपोर्ट न्या. मामांचं वय आणि आजार कागदावर लिहून न्या, घाईत सांगायचं राहून जातं. त्या दिवशी रक्त जात असलं तरी भेट रद्द करू नका, तपासणी तशीही होते. आणि भेटीआधीच पॅड तासाभरात भिजू लागलं किंवा चक्कर आली, तर वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.